मोहीमप्रमुख

अमेरिकेतल्या कुठल्याही महाराष्ट्र मंडळात अध्यक्ष कोण व्हावा यावर भांडण होऊ शकतं, सहलीचा प्रमुख कोण यावर होत नाही. तो ठरलेला असतो. त्याला कुणी निवडून दिलेलं नसतं आणि कुणी काढूही शकत नाही. डॅलसला बघा, फिनिक्सला बघा, सगळीकडे हा एकाच साच्यातला: चाळिशी ओलांडलेला, सॉफ्टवेअरमधला, एक गुडघा कुरकुरणारा, आणि 'आम्ही हरिश्चंद्रगडाच्या गुहेत झोपायचो' हे वाक्य तोंडाशी तयार असलेला.

त्या गुहेच्या काळात त्याचं नियोजन एका ओळीचं होतं. 'शनिवारी रात्री शिवाजीनगर स्टँडवर भेटू.' आला तो आला. तांदूळ एकाकडे, डाळ दुसऱ्याकडे. दुसऱ्यानं टांग दिली तर नुसता भात. तोच माणूस आता युटाच्या वाळवंटात दोन रात्री तंबू टाकायला निघाला की आधी एक्सेल उघडतो.

आमच्या प्रमुखाचं लक्ष्य होतं व्हाइट रिम. मोॲब गावाजवळ, कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानात, कड्याच्या मधल्या पायरीवरून फिरणारा सुमारे १६० किलोमीटरचा कच्चा रस्ता. वर उभा कडा, खाली आणखी एक दरी, आणि तिच्याही तळाशी कुठेतरी ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्या. रस्त्यात पिण्याचं पाणी नाही, पेट्रोल नाही, फोनला रेंज नाही. साधी गाडी चालत नाही. उंच आणि चारही चाकं ओढणारी लागते, तीही लो गिअरवाली. कुत्रा गाडीत बसवूनसुद्धा नेता येत नाही. लाकडांची शेकोटी नाही. एवढे नकार ऐकल्यावर सामान्य माणूस लास व्हेगासला जातो. प्रमुखाला मात्र प्रत्येक नकारासरशी हुरूप चढत होता, कारण प्रत्येक नकाराला एक नवा रकाना लागतो.

पाण्याचाच हिशेब घ्या. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे चार लिटरला थोडं कमी. मुक्कामाच्या एका जागेवर जास्तीत जास्त १५ माणसं आणि तीन गाड्या. तीन दिवसांचं पाणी १८० लिटरच्या घरात जातं, म्हणजे तेवढेच किलो वजन. हे कुठल्या गाडीत ठेवायचं यावर तीन झूम बैठका झाल्या. भांडी घासायचं पाणी यात धरलंय का, असं एका वहिनींनी विचारलं आणि चौथी बैठक लागली.

मग टायर. खडकाळ रस्त्यावर टायरमधली हवा पस्तिसावरून विसाच्या आसपास आणतात, म्हणजे टायर पसरून पकड घेतो. परत डांबरी रस्त्याला लागलं की पुन्हा भरायची. प्रमुखानं कॉम्प्रेसर मागवला आणि गल्लीत उभ्या असलेल्या आपल्या मिनीव्हॅनवर सराव केला. ती मिनीव्हॅन सहलीला येणारच नव्हती. जीपा मोॲबला भाड्यानं घ्यायच्या होत्या.

पर्मिटशिवाय या रस्त्यावर गाडी घालता येत नाही, आणि वसंतातल्या मुक्कामाच्या जागांवर लोक टपून असतात. आरक्षण उघडायचं त्या सकाळी प्रमुखानं रजा टाकली. तत्काळचं तिकीट काढून मुरलेला हात, त्यामुळे जागा मिळाली. ती बातमी त्यानं ग्रुपवर टाकली तेव्हा सगळ्यांचे अंगठे आले. प्रमुख या जातीची खरी शोकांतिका या अंगठ्यात आहे. अंगठा म्हणजे 'येतो' नव्हे, 'वाचलं'सुद्धा नव्हे. पण प्रमुख तो मोजतो आणि माणशी चार लिटरनं गुणतो.

कोरड्या ओढ्याला पूर कसा येतो हे त्याला पाठ होतं. पाऊस मैलोगणती लांब पडतो, तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं, आणि चिखलाचा लोंढा येतो. त्यासाठी त्याच्याकडे हवामानाची अर्धा डझन अ‍ॅप होती. पण ज्यांच्या मुलाची गणिताची स्पर्धा नेमकी त्याच शनिवारी निघते, त्या कुटुंबाचा अंदाज देणारं अ‍ॅप अजून कुणी काढलेलं नाही.

मुलांनाही त्यानं सोडलं नाही. त्या वाळवंटात मातीवर काळपट, खडबडीत साय धरलेली असते. ती जिवंत असते, सूक्ष्म जिवाणू, शेवाळ, दगडफूल यांची मिळून बनलेली. त्यावर पाऊल पडलं तर भरून यायला वर्षानुवर्षं जातात. म्हणून मागच्या अंगणात चुन्याची रेघ मारून पोरांना एका ओळीत चालायला लावलं. मुक्कामाच्या जागी खड्ड्याचे संडास आहेत, पण मधेच कुणाला लागली तर पिशवीत भरून परत आणायचं. ती पिशवी कुणाच्या गाडीत हा रकाना होता. त्याचं नाव त्यानं 'इतर' ठेवलं होतं.

प्रमुखाच्या बायकोनं '१२७ अवर्स' पाहिला होता, तोही रहमानच्या संगीतासाठी. एरन राल्स्टन २००३ साली याच मुलखात, ब्लूजॉन कॅनियनमध्ये दगडाखाली हात अडकून पडला होता. कुठे जातोय हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रमुखानं यातून घ्यायचा तो धडा जरा जास्तच घेतला. सहलीची पीडीएफ सांगलीच्या आत्यांपर्यंत गेली. आत्यांचं उत्तर आलं: 'शुभ प्रवास. तिकडे शाकाहारी मिळतं का?'

या सगळ्या पसाऱ्यात प्रमुखाचे सासरे सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन दाखल झाले. एसटीतून निवृत्त. महाड आगारात ड्रायव्हर होते, वरंधा घाटातून पुण्याची गाडी काढायचे, पावसाळ्यात आणि रात्रीसुद्धा. जावयानं त्यांना मोठ्या टीव्हीवर शेफर ट्रेलचा व्हिडिओ दाखवला: कड्यावरून सुमारे १,५०० फूट खाली उतरणारी वळणं, एका बाजूला कठडा नाही. बाबा शेवटपर्यंत शांतपणे बघत राहिले.

"समोरून गाडी आली तर मागं कोण घेणार?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न प्रमुखाला आजवर कुणी विचारला नव्हता. उत्तर त्याच्याकडे होतं, चौथ्या पानावर. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

"बरोबर," बाबा म्हणाले. "आणि हा रस्ता केला कुणी?"

प्रमुख खुलला. १९५०च्या दशकात अणुबाँबसाठी युरेनियम हवं होतं. चार्ली स्टीन नावाच्या माणसाला १९५२ साली मोॲबजवळ घबाड सापडलं आणि मुलूख वेडा झाला. अणुऊर्जा आयोगानं व्हाइट रिमचा रस्ता तेव्हाच करवून घेतला. तिथे युरेनियम मात्र फारसं निघालंच नाही.

"म्हणजे कंत्राटदाराचं भलं झालं," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसला. "ते कागद द्या बघू इकडे, जावईबापू."

प्रमुखानं पूर्ण फाइल छापून दिली. त्या फाइलचं पहिलं पान सोडून पुढचं कुणी वाचलेलं आम्हाला तरी आठवत नाही. बाबांनी पेन्सिल घेतली आणि रात्री जेवणानंतर बसले. एकदा विचारलं, लो गिअरला उतारावर ब्रेक किती लागतो. एकदा विचारलं, डिझेल की पेट्रोल. प्रमुख शेजारी खुर्ची ओढून बसला. मुलीनं दोनदा झोपायला सांगितलं. दोघांनीही ऐकलं नाही.

दरम्यान ग्रुपवर गळती लागली होती. गणिताची स्पर्धा, पाठदुखी, कुणाच्या ऑफिसातलं रिलीज. १५ चे सात झाले आणि १८० लिटरचे निम्म्याहून कमी. एरवी प्रमुखानं दोन दिवस जेवण सोडलं असतं. या वेळी त्यानं ती गळती नुसती नोंदवली, कारण त्याच्या हातात बाबांनी तपासून दिलेले कागद होते. स्टेपनी एकाच्या दोन केल्या होत्या. कुकर काटून 'पिठलं-भाकरी घरून, पहिल्या रात्रीपुरती' असं लिहिलं होतं. संपूर्ण रस्त्याच्या सरासरी वेगापुढे फुली मारून अर्धा केला होता. आणि मर्फी हॉगबॅक या उंच धारेपुढे, जिथे चढाला गाड्या धापा टाकतात, बारीक अक्षरात नोंद होती: 'विनंती थांबा. चहा, १५ मि.'