कडेकडेनं जा

मराठी घरातून सायकल बाहेर पडली की तिच्या पाठोपाठ एक वाक्य हमखास बाहेर पडतं : ‘कडेकडेनं जा रे!’ आई म्हणते, आजी म्हणते, आणि स्वतः जन्मात कधी कडेनं न गेलेले काकाही गॅलरीतून म्हणतात. पुण्यातल्या मुलाला हेच सांगतात, साताऱ्यातल्या मुलीलाही हेच. भिवंडीतल्या पोरालाही सांगतात. फक्त इथला आज्ञाधारक पोरगा फाटकाबाहेर येतो, एक पाय जमिनीवर टेकतो आणि कड कुठे आहे ते शोधू लागतो.

भिवंडीच्या रस्त्याला मध्य आहे. तो कुणाच्या मालकीचा नसल्यामुळे सगळ्यांच्या उपयोगी पडतो. कडेची मात्र रीतसर वाटणी झालेली आहे. आधी सुताच्या कोनांची पोती उतरवणारा टेम्पो. त्याच्या मागे बीम लादलेली हातगाडी. मग ग्रे कापडाच्या ताग्यांची थप्पी आणि तिच्यावर बसून मोबाइल बघणारा हमाल. पुढे रिक्षांचा घोळका, ज्याला आपण प्रेमानं स्टँड म्हणतो. मग भुर्जीची गाडी, मग गटारावरची तिरकी झालेली लादी, आणि या सगळ्यांतून उरलेल्या जागेत एक पांढरी मोटार. तिचा मालक ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणून सकाळी गेला आहे. सायकलवाल्याला त्यामुळे मधूनच जावं लागतं. मागून कंटेनर भोंगा देतो, समोरून रिक्षावाला ओरडतो, ‘साइड से चलो!’ आईनं मराठीत सांगितलं तेच रिक्षावाला हिंदीत सांगतो. सल्ल्यावर दोघांचं एकमत आहे. जागा दोघांकडेही नाही.

अशा गावात सायकलींसाठी रस्त्याला वेगळा पट्टा असावा की नसावा, हा विषय चहाच्या टपरीवर निघाला की दोन कटिंगांत संपत नाही. पट्टा अजून झालेला नाही, त्यामुळे वाद अगदी मोकळेपणानं घालता येतो.

पहिली तोफ मोटारवाल्याची असते. “आम्ही गाडीचा टॅक्स भरतो. सायकलवाला काय भरतो?” युक्तिवाद बिनतोड वाटतो, कारण तो गाडीची चावी बोटावर फिरवत केलेला असतो. पण मोटारीचा कर आरटीओत भरला की जातो राज्याच्या तिजोरीत. गल्लीतला रस्ता करायचा असतो महापालिकेनं, आणि तिची भिस्त आपल्या घरपट्टीवर. ती घरपट्टी खोलीच्या भाड्यातून मागावरचा कामगारही भरतो, पावती मात्र त्याच्या नावाची नसते. शिवाय एक जुनी गोष्ट आपण विसरलो आहोत. आपल्याकडच्या कित्येक नगरपालिका एकेकाळी सायकलीवर कर घेत आणि पत्र्याचा बिल्ला देत. बिल्ला नसला तर सायकल जप्त, रात्री दिवा नसला तर दंड, डबलसीट दिसलात तर पुन्हा दंड. सायकलवाल्यानं कर भरला, दंड भरला, हवालदाराला ‘साहेब’ म्हणून झालं. आणि रस्ता द्यायची वेळ आली तेव्हा त्यालाच विचारलं जातं, ‘तू भरतोस काय?’

दुसरा आवाज शेठचा. “पट्टा झाला तर टेम्पो कुठे लावायचा?” या प्रश्नाला मात्र हसून चालत नाही. भिवंडीत लाखो माग आहेत आणि त्यांतले बरेचसे गल्लीबोळांत, घरांना खेटून खडखडतात. सूत आत येणार, कापड बाहेर जाणार, आणि दोन्ही याच रस्त्यावरून, याच कडेला. टेम्पो थांबला की माग थांबतो, माग थांबला की चूल. शेठचा मुद्दा स्वार्थाचा असला तरी त्या स्वार्थावर अर्धं गाव जेवतं.

तिसरा रिक्षावाला. त्याचा कशालाच विरोध नाही. “पट्टा करा की, आम्ही त्यातच उभे राहू.” नगररचनेच्या जाड जाड अहवालांत इतकं प्रामाणिक वाक्य सापडायचं नाही.

मग निवृत्त गुरुजी हॉलंड काढतात. हॉलंडला मंत्रीसुद्धा सायकलीनं कचेरीत जातात, वगैरे. शेठ विचारतो, “गुरुजी, तिथे सायझिंगचे कारखाने किती?” आणि हॉलंड तिथेच आटोपतं. खरं तर गुरुजींनी थोडं पुढे बोलायला हवं होतं. सायकलींचं हॉलंड काही आभाळातून पडलेलं नाही. मोटारींचा तिथेही सुळसुळाट झाला होता, शेकडो मुलं रस्त्यावर मरत होती, आणि १९७० च्या दशकात आईबाप रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे सरकारची पावलं वळली. थोडक्यात, तिथल्या आयांनी मुलांना ‘कडेनं जा’ म्हणायचं सोडून सरकारला ‘कड दे’ म्हटलं.

या चर्चेत एक मुलगा दोनदा येऊन जातो. सायकलच्या हँडलला थर्मास, खिशात कागदी पेले. गल्लीतल्या मागांवर चहा पोचवायचं त्याचं काम. सायकल टपरीला टेकवतो, थर्मास भरून घेतो आणि सुटतो. पट्ट्याबद्दल त्याचं मत कुणी विचारत नाही. तोही थांबत नाही. चहा गार होतो.

माझ्या मते सगळा घोळ इथे आहे. सायकल चालवणारे दोन जातींचे असतात. एक पोट भरायला सायकल चालवतो, दुसरा पोट उतरवायला. दुसऱ्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असतं, अंगात चकचकीत बनियन असतं, आणि सायकलची किंमत पहिल्याच्या वर्षाच्या कमाईला भारी असते. रविवारी पहाटे असे मुंबई-ठाण्याकडचे जथे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या दिशेनं जाताना दिसतात, आणि बिचारे फार सज्जन असतात. पण सायकलीचा विषय काढतात ते हेच, आणि वर्तमानपत्रात फोटो येतो तोही यांचाच. पहिल्या जातीचे लोक म्हणजे पाववाला, दूधवाला, धार लावणारा, रातपाळी संपवून बिशीत जेवायला निघालेला कामगार. त्यांना आपण ‘सायकलिस्ट’ आहोत हेच ठाऊक नसतं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती आणि मोटार होती ती पाच टक्क्यांच्याही आतच. तरीही ‘वाहतुकीचा प्रश्न’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अडकलेली मोटारच उभी राहते, कारण भोंगा तिच्याकडे आहे.

पट्टे झाले नाहीत असं नाही. आपल्या शेजारीच, वांद्रे-कुर्ला संकुलात, एमएमआरडीएनं २०११ मध्ये सायकल मार्ग बांधला. त्यावर मोटारी लागल्या, मोटरसायकली लागल्या, फेरीवाले बसले. सायकली तेवढ्या आल्या नाहीत. अखेर २०२५ मध्ये त्याच संस्थेनं तो मार्ग काढून रस्त्यात मिसळायचं ठरवलं, म्हणजे मोटारींना एक रांग जास्त मिळेल. सायकलप्रेमी चिडले, मोटारवाले सुखावले, आणि दोनदा निविदा निघाल्यामुळे कंत्राटदारांना दोन्ही पक्ष पटले असतील. हीच संस्था भिवंडीभोवतालच्या गावांचं नियोजन बघते, म्हणून ही गोष्ट आपण मन लावून वाचायची. पवईच्या तलावात तर पालिकेनं सायकल मार्ग बांधायला घेतला; आयआयटीतले विद्यार्थी कोर्टात गेले आणि ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवून काढायला सांगितलं. रस्त्यावर जागा सापडली नाही म्हणून पट्टा तळ्यात उतरला आणि तिथून हाकलला गेला. पुणं हे सायकलींचंच गाव. तिथे महापालिकेच्या सभेनं २०१७ च्या डिसेंबरात सायकलींचा आराखडा मंजूर केला. पाठोपाठ रंगीबेरंगी भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती आल्या आणि तशाच निघूनही गेल्या. पुण्याला आता सायकलींची आठवण तेवढी येते, आणि आठवणींना पार्किंग लागत नाही.

साहेबाच्या देशातही हे भांडण सुटलेलं नाही. लंडनच्या वॉल्थमस्टो भागात सायकलींसाठी मोटारींच्या वाटा बंद केल्या, तेव्हा २०१५ मध्ये तिथल्या विरोधकांनी ‘आमचा धंदा मेला’ म्हणून चक्क शवपेटी खांद्यावर घेऊन मिरवणूक काढली. कॅनडात ओंटारिओच्या सरकारनं टोरंटोतले पट्टे उखडायचा कायदा २०२४ मध्ये केला आणि २०२५ च्या जुलैत कोर्टानं तो घटनाबाह्य ठरवला. म्हणजे आपले शेठ आणि गुरुजी एकटे नाहीत. जगभर त्यांच्या शाखा आहेत.

कागदावर मात्र आपण कुणाला हार जाणारे नाही. सायकल मार्ग कसा आखावा याची पुस्तिका भारतीय रस्ते काँग्रेसनं १९६२ मध्ये काढली. महाराष्ट्र राज्य तेव्हा दोन वर्षांचं होतं. रुंदी किमान दोन मीटर हवी, इथपर्यंत सगळं तीत लिहिलेलं आहे. पुढे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानं बजावलं की रस्ता वाहनांसाठी नाही, माणसांसाठी आहे. भिवंडीत ते माणसांनी फार मनावर घेतलं. सगळी माणसं रस्त्यावरच असतात.

मोठे रस्ते आपल्याभोवती भराभर होताहेत. नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातल्या आमणे गावाशी येऊन टेकतो. शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. विदर्भातून वाऱ्यासारखी आलेली मोटार पुढे ठाण्याच्या वाटेला लागते, कंटेनरच्या मागे उभी राहते आणि मग तिला कळतं की महाराष्ट्र किती मोठा आहे. त्या महामार्गावर दुचाकीला मनाई आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर, अटल सेतूवरही मनाई. मोठ्या रस्त्यावर परवानगी नाही आणि छोट्या रस्त्यावर जागा नाही, अशी सायकलीची गत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची पायाभरणी १८ डिसेंबर २०१८ ला झाली. ती बाई खांबांवरून दिमाखात यायला निघाली खरी, पण धामणकर नाक्यापुढचा रस्ता पाहिल्यावर तिथून टेमघरपर्यंत जमिनीखालून जायचं ठरलं. घरं-दुकानं पाडावी लागू नयेत म्हणून. शहाणी आहे. सायकलवाल्याला ती सोय नाही.

मजा अशी की सायकलींना भिवंडीत जागा नाही असंही नाही. मानकोली, पूर्णा, राहनाळ, दापोडे, काल्हेर या पट्ट्यात गोदामांची नगरं वसली आहेत. मुंबईकरानं घरबसल्या मागवलेली सायकल पुष्कळदा इथूनच निघते; खोक्यात निजून, टेम्पोतून, रस्त्याच्या मधोमध. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. छोट्या मोटारीवरचाही त्याच दिवशी २८ वरून १८ वर आला. सरकारनं दोघींना दिवाळीची सूट दिली. वंजारपट्टी नाक्याची रुंदी तेवढी आहे तीच राहिली.

मग करायचं काय? लाल रंगाचा पट्टा ओढून फीत कापायच्या मी विरुद्ध आहे. त्यावर दुसऱ्या दिवशी भुर्जीची गाडी लागेल, आणि भुर्जी चांगली असेल तर मीही तिथेच सापडेन. पण पट्टा नको म्हणणाऱ्यांच्याही मी बाजूचा नाही. भिवंडीतला कुठलाही कापडवाला तागा हातात घेतला की आधी किनार बघतो. किनार धड नसेल तर मधलं कापड कितीही सुरेख असो, भाव पडतो. रस्त्याची पारख आपण उलटी करतो : मध्यावर काँक्रीट किती इंच ओतलं ते मोजतो आणि कडेकडे बघतच नाही.

कड मोकळी झाली तर तिला पट्टा म्हणा की आणखी काही. टेम्पोंना माल चढवा-उतरवायच्या वेळा ठरवून द्या. पाळी बदलते त्या वेळी तरी मुख्य रस्त्यांवर कडेला कुणी उभं राहणार नाही, एवढं बघा. १९६२ च्या पुस्तिकेतले दोन मीटर जमत नसतील तर एक द्या. गटाराची लादी सरळ करायला तर कुठल्याच धोरणाची गरज नाही. यात शेठचा टेम्पोही राहतो, रिक्षाही राहते, आणि मोटारवाल्याच्या पुढ्यात मधोमध चालणारी सायकल बाजूला जाते. ही तर त्याचीच जुनी मागणी.

आणि या विषयावर महापालिकेत कधी बैठक झालीच, तर एक विनंती. ती पाळी बदलायच्या वेळेला ठेवू नका. ज्याला बोलवायला हवं तो तेव्हा सायकलवर असतो.