तोंडाची वाफ

आईला वाटतं, मला सर्दी आहे. गेली चार वर्षं आहे. फोनवर बोलता बोलता मी मध्येच गप्प होतो, मग एक लांब श्वास सोडतो, आणि निपाणीहून आवाज येतो, "काय रे, दम लागतोय का?" एकदा घाईत बोलून गेलो, "नाही गं, वाफ घेतोय." खोटं नव्हतं. तेव्हापासून दर रविवारी चौकशी होते. "वाफ घेतोस ना? पाण्यात ओवा टाकत जा. निलगिरीचे दोन थेंब टाक." मी म्हणतो, टाकतो. इथल्या दुकानात बाटलीतून मिळणाऱ्या चवींत ओवा नाही, एवढंच. बाकी सगळं आहे.

मी लंडनच्या वायव्येला, हॅरोमध्ये राहतो. २२ वर्षं सिगारेट ओढली. सोडली ती दवाखान्यातल्या एका नर्सबाईंमुळे. त्यांनी छातीचे फोटो दाखवून घाबरवलं नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: माणूस मरतो तो मुख्यतः धुरानं, आणि निकोटीन त्याला त्या धुराकडे परत परत घेऊन जातं. व्यसन लगेच सुटत नसेल तर निदान जाळणं तरी सोडा. वाफेची कांडी धुरापेक्षा पुष्कळ बरी, पण निरुपद्रवी नव्हे. जो ओढतच नाही त्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं. मी ते घरी आल्यावर लेकीसमोर तीनदा म्हटलं.

त्या वेळी इथे वापरून फेकायच्या कांड्यांची चलती होती. खडूएवढ्या, लिमलेटच्या गोळ्यांच्या रंगाच्या. पहिली घेतली ती आंब्याची. कोकणातल्या आंब्याशी तिचं काही नातं नव्हतं. शाळेबाहेरच्या गाडीवर पिवळा गोळा मिळायचा, त्याच्याशी मात्र सख्खं होतं. संपली की फेकायची. फेकवेना. आत चांगली लिथियमची बॅटरी असते, आणि आमच्या घरात श्रीखंडाचा डबासुद्धा कुणी फेकत नाही. एक दिवस लेकीनं टेबलाचा खण उघडून मोजल्या. ४३ निघाल्या. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये असल्या कांड्यांची विक्री बंद झाली तेव्हा सरकारच्या आधी आमच्या खणाला हायसं वाटलं असेल.

मग १२ पौंडांचं, पुन्हा चार्ज होणारं एक यंत्र आणलं. ते सकाळी वाघ असायचं आणि संध्याकाळी मांजर. नाश्त्यानंतरचा पहिला झुरका घशाला असा लागायचा की ठसका यावा, आणि संध्याकाळी कितीही ओढा, कोमट हवा. मला वाटलं, बिघडलं. बिघडलं नव्हतं, ते मूळचंच तसं होतं. त्याची बॅटरी थेट कॉइलला जोडलेली. मध्ये अक्कल नाही. नववीतलं विज्ञान पुन्हा काढून बसलो. व्होल्टचा वर्ग, भागिले रोध, बरोबर वॅट. भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टची, कॉइल ०.८ ओहमची, म्हणजे २२ वॅट. बॅटरी उतरत ३.४ वर आली की तेच यंत्र साडेचौदा वॅटवर येतं. गणित सुटलं आणि मला एकदम निपाणीच्या घरातली संध्याकाळ आठवली. सातला ट्यूबलाइट फडफडायची, पंखा दमायचा, टीव्हीवरची माणसं दोन्हीकडून आत दाबली जायची आणि बाबा म्हणायचे, "व्होल्टेज उतरलं." मग कर्ज काढल्यासारखा चेहरा करून त्यांनी स्टॅबिलायझर आणला होता.

मलाही तेच हवं होतं. वाफेचा स्टॅबिलायझर. इथे त्याला व्हेरिएबल वॅटेजचं यंत्र म्हणतात. आपण आकडा ठरवायचा. बॅटरी भरलेली असो की उतरलेली, आतली चिप व्होल्टेज कमी-जास्त करून तेवढेच वॅट कॉइलला पोचवते.

दुकानात दाढीवाला, दंडभर गोंदवलेला मुलगा होता. त्यानं वैद्यासारखी नाडीपरीक्षा सुरू केली. कशी ओढता? आधी तोंडात धरून मग छातीत, की हुक्क्यासारखी थेट छातीत? दिवसाला किती सिगारेटी होत्या? सकाळी उठल्यावर किती वेळानं पहिली? इतक्या आस्थेनं माझी चौकशी लग्न ठरतानासुद्धा झाली नव्हती. सिगारेटवाला माणूस तोंडात धरून ओढतो, त्याला जास्त रोधाची कॉइल आणि थोडे वॅट पुरतात. ढग सोडण्याची हौस असेल तर कमी रोध, जास्त वॅट, आणि ग्लिसरीन जास्त असलेलं दाट द्रव. ढगवाल्यांच्या पंथात बाटल्याही भराभर रिकाम्या होतात. मी म्हटलं, मला ढग नको, मला शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचेत.

त्यानं काउंटरवर तीन यंत्रं मांडली. १५ पौंडांचं, ३८ पौंडांचं आणि ९० पौंडांचं. तिसऱ्याला रंगीत पडदा, दोन बॅटऱ्या, २०० वॅटची ताकद. एवढ्या वॅटवर आमच्याकडे दोन-तीन पंखे चालायचे. मी ते हातात घेतलं, वजन केलं, किंमत जणू दिसलीच नाही अशा चेहऱ्यानं परत ठेवलं. हा चेहरा मला वारशानं मिळाला आहे. लक्ष्मी रोडवर साडी घेताना दुकानदार आधी एक शालू उलगडतो. तो कुणी घेणार नाही हे त्यालाही ठाऊक असतं, आईलाही. शालूचं काम फक्त मधल्या साडीला वाजवी दिसायला लावणं. आई पदरावरून हात फिरवते, "छान आहे हो," म्हणते आणि मधलीवर बोट ठेवते. सर्वांत स्वस्त घेतली तर लोक काय म्हणतील आणि सर्वांत महाग घेतली तर आपण स्वतःला काय म्हणू, या दोन भीतींच्या मधोमध आमच्या घरातला प्रत्येक जिन्नस आलेला आहे: फ्रिज, पंखा, मिक्सर, माझी इंजिनिअरिंगची शाखा. मी ३८ वाल्यावर बोट ठेवलं.

रंग राखाडी घेतला. गुलाबी-निळा इंद्रधनुषी होता, स्वस्तही पडत होता. पण घरात पंधरा वर्षांची मुलगी आहे. कायद्यानं तिला अजून तीन वर्षं हे कुणी विकू शकत नाही. मला मात्र कायद्यापेक्षा कंटाळवाण्या रंगावर जास्त भरवसा वाटला. तिनं पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हा टॉर्च आहे का?" पैसे वसूल झाले.

यंत्र ५ पासून ८० वॅटपर्यंत जातं. आत १८६५० नावाची बॅटरी: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि शेवटचं शून्य ती गोल दंडगोल आहे एवढं सांगण्यापुरतं. बटण पाच वेळा भरभर दाबलं की चालू, पुन्हा पाच वेळा दाबलं की बंद. नवी कॉइल बसवली की लगेच ओढायचं नाही. तिच्यातल्या कापसावर द्रवाचे थेंब सोडायचे, टाकी भरायची आणि दहा मिनिटं थांबायचं, असं त्या मुलानं बजावलं होतं. हे ऐकताना मी हसलो, ते त्याला कळलं नसणार. आजी रोज तिन्हीसांजेला तेच करायची. नवी वात आधी तेलात पुरती भिजू द्यायची, मग काडी. कोरडी वात पेटवली तर ती तेल न जाळता स्वतःच जळते आणि समईला काजळी धरते. मेणबत्तीच्या देशातल्या माणसाला यंत्राबरोबर पुस्तिका लागते. समईच्या घरातल्याला लागू नये.

तरी मला लागली. कॉइलवर बारीक अक्षरांत '१२ ते १६ वॅट' कोरलेलं होतं. पण ८० पर्यंत जाणारं यंत्र हातात असताना १३ वर कोण थांबेल? पहिल्याच रात्री मी ४० करून पाहिलं. तेल संपलेल्या समईतली वात चावून खाल्ली तर जी चव लागेल, ती लागली. तीन पौंडांची कॉइल गेली. दुसऱ्या दिवशी नवी घातली, आकडा १३ वर आणला, आणि आज सात महिने झाले, तो १३ वरच आहे.

म्हणजे ८० पैकी ६७ वॅट मी नुसते विकत घेऊन ठेवले आहेत. निपाणीच्या घरात पंख्याला काळा, पावाएवढा रेग्युलेटर होता. पाच आकडे. चालवताना तो गरम व्हायचा आणि घूं करायचा. त्याच्या एक, दोन, चार या आकड्यांचा उपयोग काय हे आम्हाला कधी कळलं नाही. उन्हाळ्यात पाच, आणि मध्यरात्री बाबांना गार वाटलं की तीन. तरी दोनच आकड्यांचा रेग्युलेटर कुणी विकायला आणला असता तर बाबांनी तो घेतला नसता.

डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गेलो तेव्हा बाहेरच्या थंडीत एका समदुःखी गृहस्थाला मी हे सगळं, ओहमच्या नियमासकट, समजावून सांगत होतो. बायको आरतीला बोलवायला आली होती. पाच मिनिटं ऐकून म्हणाली, "नुसती तोंडाची वाफ दवडायची, आणि ती पण पैसे देऊन." गृहस्थ आधी हसले, मग त्यांनी आपलं यंत्र खिशात टाकलं.

या यंत्रात एक गोष्ट मात्र मला नको होती. ते झुरके मोजतं. पडद्याच्या कोपऱ्यात चित्रगुप्त बसलेला आहे आणि तो झोपत नाही. पहिल्या दिवशी रात्री आकडा बघितला: २३१. सिगारेटला एक मोठा गुण होता, ती संपायची. दहा-बारा झुरके, मग चटका, मग थोटूक विझवणं, आणि माणूस कामाला लागायचा. हिला शेवट नाही. पेटवणं नाही, विझवणं नाही. फाइल वाचताना, भांडी घासताना, आईशी बोलताना चालूच. बाटलीवरचं निकोटीन मी १२ मिलिग्रॅमवरून ६ वर आणलं, आता ३ वर आहे. नर्सबाई खूश आहेत. पण ३ वर आल्यापासून चित्रगुप्ताच्या वहीत आकडा वाढलाय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ साली आजच्या ई-सिगारेटचा पहिला अवतार घडवला, असं मानतात. त्यांच्या आधी हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकनानं बिनधुराच्या सिगारेटचं पेटंट मिळवलं होतं, १९६५ साली, पण तिचा धंदा काही उभा राहिला नाही. मान्य. तरी कमी-जास्त ताकदीच्या यंत्राचा खरा मान मी आमच्या आजोबांच्या चंचीला देईन. आजोबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून होते. हंगामात त्या गल्लीतून जाताना पाहुणे शिंकायचे, गावकरी नाही. त्यांच्या चंचीत एका कप्प्यात पान, एकात तंबाखू, एकात चुन्याची डबी. डाव्या तळव्यावर चिमूट, उजव्या अंगठ्यानं चुना, मळणं, वरून टाळी देऊन भुकटी उडवणं आणि बार भरणं. चुना किती हे अंगठ्याचं नख ठरवायचं. जेवणानंतर इतका, वखारीत हिशेब जुळत नसला तर तितका, सासुरवाडीला त्याहून कमी. पडदा नाही, बॅटरी नाही, आणि मोजायला फक्त आजी. ती मात्र रोज मोजायची. तोंडाच्या आजारानं ते गेले तेव्हा चंची तिनं चुलीत घातली.

डिसेंबरात गावी गेलो. यंत्र हॅरोलाच राहिलं, कारण भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेट आणणं, विकणं, साठवणं, सगळंच बंद आहे. निपाणीच्या स्टँडवर उतरलो तर समोरच्या टपरीवर बिडी, सिगारेट, तंबाखूच्या पुड्यांच्या माळा. हातात कापूस आणि ग्लिसरीन असतं तर मी गुन्हेगार. चांगला विनोद होता, पण तेवढ्यात शाळा सुटली आणि टपरीसमोरून लेकीच्या वयाची मुलं गेली. मग त्या कायद्याला हसू म्हटलं तरी नीट हसता येईना.

तीन आठवडे निकोटीनच्या च्युइंगमवर काढायचे ठरवले होते. "शेळीसारखं सारखं काय चघळतोस?" आईनं दुसऱ्याच दिवशी विचारलं. तिसऱ्या दिवशी मी विनाकारण चिडचिड करायला लागलो आणि चौथ्या दिवशी तिनं निदान केलं: सर्दी. इतकी वर्षं रोज वाफ घेणारा मुलगा चार दिवस वाफेविना राहिला, दुसरं काय होणार?

तिनं गॅसवर पातेलं चढवलं. ओवा टाकला, तुळशीची पानं टाकली, उकळी आल्यावर गॅस बारीक केला. बटण उजवीकडे, जरा डावीकडे, पुन्हा किंचित उजवीकडे. ज्योत तिला हवी तेवढी झाल्यावरच हात काढला. मग पातेलं पाटावर उतरवून मला समोर बसवलं आणि डोक्यावरून टॉवेल टाकला. आत अंधार, ओव्याचा वास, तोंडावर ऊन ऊन वाफ. मी डोळे मिटले आणि चार दिवसांत प्रथमच मनापासून एक झुरका घेतला. थोडा वेळ आत धरला. सावकाश सोडला.

टॉवेलबाहेर शांतता होती.

"नाकानं घे रे," आई म्हणाली. "तोंडानं काय ओढतोयस?"