बाहुल्याला मिसरूड

दुकानातून आणलेल्या प्लास्टिकच्या योद्ध्याला मिशी असावी, असं चाळिशीतल्या माणसाला का वाटतं, ते विचारू नका. वाटलं. मग ती घडवायला पुट्टी कोणती घ्यायची, हा प्रश्न स्थळ पाहण्यापेक्षाही गंभीर झाला.

जाणकारांनी आधी ‘ग्रीन स्टफ’ सुचवली. निळी आणि पिवळी पट्टी शेजारी-शेजारी चिकटून येतात, मळल्या की हिरव्या होतात. जिथे दोघींचा संबंध आला, ती मधली रेघ मात्र डबीतच ताठरलेली असते. ती कापून फेकायची. (सासू-सून वगैरे काही मी म्हणत नाही.) वाळल्यावरही ही जरा लवचीकच राहते, पॉलिश पेपरला दाद देत नाही. ‘मिलिपुट’ वेल्सची. ओल्या बोटाने गुळगुळीत होते, मग दगड बनून कानसही सोसते. मग दुसरे जाणकार म्हणाले, दोन्ही मिसळा. म्हणजे दोन्ही विकत घ्या.

पॉलिमर क्ले सुचवणारा शेजारी तर थोरच. ती साधारण १३० अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये भाजायची. मिशी पक्की होईस्तोवर खाली तोंड उरायला नको? गणपतीतला शाडू घरात होता, पण तो वाळताना आकसतो, तडकतो. प्लास्टिकला काय धरणार!

शेवटी सिंकखाली एम-सील सापडली. हातमोजे चढवले, दोन्ही भाग समसमान मळले, घाईघाईत मिशी लावली. जरा डावीकडे झुकली आहे, पण बाणेदार दिसते.

नळ अजून गळतोय. एम-सील त्याच्यासाठी आणली होती म्हणे.