स्वस्तातली भुकटी

सिरॅमिकच्या भुकट्यांवरचे शोधनिबंध वाचायची सवय लागली की त्यांची चाल ओळखीची होते. पहिल्या परिच्छेदात मोबाइल, उपग्रह आणि रडार हजेरी लावून जातात. दुसऱ्यात इतरांच्या पद्धती कशा खर्चिक ते येतं. तिसऱ्यात लेखक आपली पद्धत ‘सोपी आणि स्वस्त’ असल्याचं जाहीर करतो. ही सगळी माणसं खरंच बोलत असणार. हिशेबाची वही कोणी लिहिली, एवढंच मला विचारावंसं वाटतं.

माझी भाची याच विषयात पीएच.डी. करते, म्हणून हा नसता छंद मला लागला. तिला शेवटी हवी असते ती एक गोळी. गच्चीवरच्या टीव्हीच्या डिशपुढे जो डबा टांगलेला असतो, त्याच्या जुन्या बनावटीत पाच-सहा मिलिमीटर व्यासाची अशी एक सिरॅमिक गोळी चिकटवलेली असे. धातूचं आवरण नसलेला नुसता डायइलेक्ट्रिक तुकडाही सूक्ष्मलहरी आपल्या पोटात घुमवत ठेवू शकतो, हे रॉबर्ट रिक्टमायर यांनी 1939 मध्ये कागदावर मांडलं. त्या कागदाला साजेसं द्रव्य मिळेपर्यंत तीसेक वर्षं गेली.

अडचण उन्हाची होती. गोळी लहान ठेवायची तर डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट मोठा हवा. तो 100 असला की आतली तरंगलांबी दहाव्या हिश्शावर येते. रुटाइल, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होतं. पण तापमान एका अंशाने वाढलं की त्याची वारंवारता दहा लाखांत सुमारे 450 ने सरकते. जळगावला मे महिन्यात पहाटेचे 25 अंश दुपारी 45 होतात. तेवढ्यात दहा गिगाहर्ट्झच्या गोळीचे 90 मेगाहर्ट्झ इकडचे तिकडे होणार, आणि सकाळी लागलेलं कीर्तन दुपारी गायब. मॅग्नेशियम टायटनेट उलट दिशेला सरकतं, पण बेतानं, उणे 50 च्या घरात. कॅल्शियम टायटनेट अधिक 800. शंभरात 95 पहिलं आणि 5 दुसरं घेतलं की सरक शून्याला टेकते. कॉन्स्टंट 20-21 वर उतरतो, तो सोसायचा. या सगळ्या खटाटोपातली मला सर्वांत देखणी वाटते ती ही तडजोड: दोघंही बिनभरवशाचे, आणि एकत्र आले की ऊन-सावली मानत नाहीत.

मात्र ते पाच भाग सगळीकडे सारखे पसरायला हवेत. जुन्या पद्धतीत कोरडी ऑक्साइडं आणि कार्बोनेटं बॉल मिलमध्ये तासन् तास घुसळायची, भाजायची, पुन्हा दळायची. त्यात दळणारे गोळेही थोडे झिजून मालात मिसळतात. ओल्या पद्धतीत घुसळायला कोणी लागत नाही. पाण्यात विरघळलेले आयन आपापसात मिसळतात. भाजताना ते पुन्हा वेगळे होऊ नयेत एवढीच काळजी. मॅजिओ पेचिनी यांनी 1967 च्या अमेरिकन पेटंटात त्यासाठी सायट्रिक अॅसिड आणि इथिलीन ग्लायकॉल वापरलं. तापवत नेलं की दोघांची साखळी बनते, भांड्यात चिकट, पिवळसर, तार धरणारा लगदा उरतो आणि धातूंचे आयन त्यात जागच्या जागी अडकतात. लगदा जाळला की भुकटी. सायट्रिक अॅसिड स्वस्त आहे, याचं श्रेय मात्र रसायनशास्त्रज्ञांपेक्षा बुरशीला द्यायला हवं. अॅस्परजिलस नायजर साखरेपासून ते भरपूर बनवते हे जेम्स करी यांनी 1917 मध्ये दाखवलं.

आपल्याकडचा पराक्रम याहून झटपट आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंग्सली आणि के. सी. पाटील यांनी 1988 मध्ये अॅल्युमिनियम नायट्रेट आणि युरियाचं द्रावण 500 अंशांच्या भट्टीत ठेवलं. ते उकळलं, फुगलं, पेटलं, आणि काही मिनिटांत अॅल्युमिना तयार. बाकीची उष्णता पदार्थांनीच पुरवली. शेतकऱ्याला मिळणारी 45 किलोची युरियाची गोणी अडीचशे रुपयांच्या घरात आहे. प्रयोगशाळेतली शुद्ध युरियाची अर्ध्या किलोची बाटली तिच्याशी किमतीत सहज टक्कर देते, ते सोडून द्या.

भाचीचा खरा छळ टायटॅनियम करतं. कोकणच्या काळ्या वाळूत, रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर, इल्मेनाइटच्या रूपात ते पडलेलं आहे. पण वाळूतलं टायटॅनियम काही बीकरमध्ये विरघळत नाही. आयसोप्रोपॉक्साइड महाग, आणि हवेतल्या दमटपणानेही बिघडतं. टेट्राक्लोराइड स्वस्त, पण झाकण काढलं की पांढरा धूर. ते बर्फगार पाण्यात थेंबाथेंबाने सोडायचं, अमोनियाने साका पाडायचा आणि मग क्लोराइड जाईपर्यंत धुवायचं. संध्याकाळी फोन केला की हमखास उत्तर येतं, “मामा, धुणं चाललंय.” धुणं संपलं की नाही हे कळायला गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा; पाणी दुधाळ झालं तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे स्वस्तातला माल स्वच्छ झाला का, हे चांदी सांगणार. तिच्या प्रबंधात खर्चाचा तक्ता आहे. त्यात रसायनं आहेत, वीज आहे. “आणि तुझे तास?” असं मी विचारलं, तर म्हणाली, “गाईडनी तो कॉलम दिलेला नाही.”

एवढं करून मिळते ती वीस नॅनोमीटरच्या कणांची भुकटी. तिच्या एका ग्रॅममध्ये सुमारे 75 चौरस मीटर पृष्ठभाग असतो, म्हणजे 800 चौरस फूट. पुण्यात एवढ्यात दोन बेडरूमचा फ्लॅट बसतो. कणांना मात्र ही प्रशस्त जागा नकोशी असते. ते एकमेकांना चिकटून ती कमी करायला बघतात. डब्यात चिकटले तर गुठळ्या होतात, दाबलेली गोळी तडकते आणि भाची दोन दिवस कोणाशी बोलत नाही. भट्टीत चिकटले तर त्यालाच सिंटरिंग म्हणायचं. नेमक्या याच उतावीळपणामुळे गोळी कमी तापमानाला घट्ट होते. घट्ट होताना कणही वाढतात, मायक्रॉनपर्यंत जातात. तयार गोळीत नॅनो औषधालाही उरत नाही.

हे कळल्यावर ताई म्हणाली, “मग एवढं बारीक केलंत कशाला?” भाची पृष्ठीय ऊर्जेचं समजावू लागली. ताईने थोडा वेळ ऐकून घेतलं. “विजेचं बिल वाचतं म्हण ना सरळ.”

बिल वाचतंच. एक मायक्रॉनहून पातळ थरांच्या कपॅसिटरमध्ये तर बारीक भुकटीवाचून चालतच नाही. तिथे ओल्या पद्धतीने कारखान्यांतही पाय रोवले आहेत. गोळ्यांचं मात्र तसं नाही. टनावारी माल काढणाऱ्यांना जुनी बॉल मिलच अजून परवडते. पण विद्यापीठातल्या माणसाचं गणित वेगळं असतं. 1400 अंशांवरून 1200 वर आलं की भट्टीला कॅन्थलची साधी तार पुरते. त्यावर गेलं की सिलिकॉन कार्बाइडच्या कांड्या लागतात आणि त्या मोडतात. कांडी मोडली की नवीन घेण्याआधी तीन कोटेशनं मागवावी लागतात, आणि दोन आल्यावर आर्थिक वर्ष संपतं.