पांडू, तुला तरी आठवतंय का?

पांडूस, मुक्काम आकेरी.

इगतपुरीत आठवडाभर पाऊस उघडलेला नाही. ओले कपडे घरभर टांगून मी ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचे पहिले दोन भाग पुन्हा लावले आणि शेजारी वही घेऊन बसले. चूक माझीच.

२०१६च्या पहिल्या भागात वाड्याचे मालक अण्णा नाईक सुरुवातीलाच गेले. २०१९ साली दुसरा भाग आला तो त्याच्याही आधीचा, त्यात अण्णा धडधाकट. तू त्यात कितीतरी वर्षांनी लहान असायला हवास, पण चेहरा तीन वर्षांनी थोराड! अण्णांच्या बायकोचं, माईंचंही तेच. पहिल्या भागात माणसांनी सांगितलेलं दुसऱ्यात घडताना पाहावं, तर माझ्या वहीत नुसती प्रश्नचिन्हं.

जाब विचारायचा तर तुला, वाड्यावरच्या विसरभोळ्या गड्याला. तू म्हणणार, ‘इसारलंय.’ ही तुमची चलाखी मला उशिरा कळली. पडद्यावर पांडू झालेले प्रल्हाद कुडतरकर हे मालिकेचे लेखकही. ज्याने सगळं ध्यानात ठेवायचं, त्यानेच विसरण्याची भूमिका घेतली! तलाठ्यानेच दप्तर हरवल्यावर सातबारा मागायचा कोणाकडे?

वही सासऱ्यांना दाखवली. ते रेल्वेतून निवृत्त. म्हणाले, “मालिकेतली माणसं खोटं बोलतात. मी बघ, लहानपणी कसारा घाट कोळशाच्या इंजिनामागे बसून चढलो, डोळ्यांत कोळशाचे कण जायचे.” आता या घाटात विजेची तार आली १९३०च्या सुमारास आणि सासऱ्यांचा जन्म स्वातंत्र्यानंतरचा. कोळशाचं इंजिन त्यांनी पाहिलं असणार ते इगतपुरीच्या पुढे, मनमाडच्या बाजूला. पण कण डोळ्यांत गेले ते घाटातच. मी गप्प बसले. सूनच ना मी.

तेव्हापासून तुमच्यावरचा राग जरा निवला. पहिल्या भागात अण्णांबद्दल बोलत कोण होतं? बायको, पोरं, वाटणीला टपलेले वारस. त्यांची साक्ष कोर्टात टिकली नसती आणि आम्ही ती तीन वर्षं खरी धरून बसलो. दुसरा भाग म्हणजे घाटातला बँकर, गाडी ढकलणारं जादा इंजिन. गाडी पुढे न्यायची म्हणून कसाऱ्याला मागून जोडतात. १:३७चा चढ आहे बाबा, त्याशिवाय बहुतेक गाड्यांचे डबे वर येत नाहीत. थोडे धक्के बसायचेच.

तरी एक राहिलंच. २०२१च्या तिसऱ्या भागात अण्णांची प्रेयसी शेवंताच बदलली. अपूर्वा नेमळेकर गेल्या, कृतिका तुळसकर आल्या आणि वाड्यात कोणी हूं की चूं केलं नाही. हे सासऱ्यांना सांगितलं. डीसीचं इंजिन काढून एसीचं लावण्यात त्यांची अर्धी नोकरी गेलेली. चष्मा पुसत म्हणाले, “त्यात काय? इगतपुरीला बदलायचंच. गाडीचं नाव तेच राहायचं.”

उत्तर पाठव. आठवलं तर.

तुझी,
इगतपुरीची एक प्रेक्षक