पन्नासावी आजी

देशाच्या विकासदराची ज्यांना काळजी आहे, त्यांनी अर्थसंकल्पावरच्या चर्चा बंद करून ‘कुकी क्लिकर’ खेळायला बसावं. ऑर्तेय या टोपणनावाने वावरणाऱ्या ज्युलियन तिएनो या फ्रेंच प्रोग्रॅमरने 2013च्या ऑगस्टमध्ये हा खेळ एका रात्रीत लिहिला. त्या रात्री त्याला झोप लागली असती, तर जगाची किती कामं वेळेवर झाली असती, याचा हिशोब कुणी मांडू नये.

पडद्यावर एक मोठी कुकी असते. तिच्यावर टिचकी मारली की एक कुकी जमा होते. 15 जमल्या की एक कर्सर घ्यायचा. तो दर दहा सेकंदांनी आपल्या वतीने टिचकी मारतो आणि आपल्या बोटाला विश्रांती मिळते. ती आपण घेत नाही, हा भाग वेगळा. 100 कुकींत एक आजी कामाला लागते आणि सेकंदाला एक कुकी भाजते. पुढे शेत, खाण, कारखाना, बँक, देऊळ असं सगळं घेता येतं. शेतात अर्थातच कुकी पिकतात.

या अवाढव्य उद्योगात कुकी खाणारा मात्र कुणीच नाही. गिऱ्हाईक नाही, उधारी नाही, ‘कालचा माल मऊ निघाला’ म्हणून भांडायला येणारं कुणी नाही. किमयागाराच्या प्रयोगशाळेत सोन्याच्या कुकी करतात, म्हणजे चांगलं सोनं घालवून कुकी! (हे वाक्य लग्नसराईत घरात मोठ्याने वाचू नये.) टाइम मशीन भूतकाळातल्या कुकी खाल्ल्या जाण्याआधीच उचलून आणतं. इतिहासात चुकून एखादी कुणाच्या पोटात गेली असेल, तर तीही वसूल.

मग अडतं कुठे? प्रत्येक खरेदीनंतर त्याच वस्तूचा भाव 15 टक्क्यांनी वाढतो, तोही चक्रवाढीने. 100ला मिळालेली आजी पन्नासाव्या खेपेला 94 हजारांच्या वर जाते. काम तेच, सेकंदाला एक कुकी. तिचा झपाटा वाढवायचा असेल तर सुधारणा विकत घ्याव्या लागतात. त्यातल्या एकीचं नाव आहे ‘आजीकडून आलेले फॉरवर्ड’. ती घेतली की सगळ्या आज्यांचं उत्पादन दुप्पट होतं. मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रयोग रोज सकाळी मोठ्या प्रमाणावर चालू असतो. उत्पादनाचे आकडे अजून हाती आलेले नाहीत. दुसरी सुधारणा कवळीला वंगण घालण्याची आहे.

खेळ इथवर निदान माणसांतला वाटतो. मग आपण संशोधन केंद्र काढतो. एका टप्प्यावर खेळ स्वच्छ बजावतो, की पुढची सुधारणा घेतलीत तर परिणाम भयंकर होऊ शकतील, तरीही घ्यायची का? खेळाडू ‘हो’ म्हणतो, कारण वर सेकंदाला मिळणाऱ्या कुकींचा आकडा वाढणार असं लिहिलेलं असतं. मग आज्यांची मनं एक होतात, पार्श्वभूमी मांसासारखी लालभडक होते आणि मोठ्या कुकीला सुरकुतलेल्या अळ्या चिकटून आपलं उत्पन्न शोषू लागतात. आज्यांची समजूत घालता येते. पहिल्यांदा 64 कुकींत अर्धा तास शांतता मिळते, नंतर प्रत्येक वेळी भाव आठपट. कायमचा तह हवा असेल तर 66 लाख कोटींहून जास्त कुकी मोजा, वर उत्पादनात 5 टक्के कपात सोसा. तह मोडायलाही पैसे पडतात.

तरबेज खेळाडू तह करतच नाहीत. त्यांनी गणित केलेलं असतं. एक अळी उत्पन्न 5 टक्क्यांनी घटवते. पण प्रत्येक अळीच्या पोटात घटलेली सगळी रक्कम स्वतंत्रपणे साठते आणि ती फोडली की 10 टक्के जास्त घालून परत मिळते. दहा अळ्या लावल्या की उत्पन्न निम्म्यावर येतं, आणि फोडल्यावर एकूण हिशोब मूळच्या सहापट भरतो. जगबुडी आली, तिच्यावर परतावा किती ते पाहिलं आणि ती चालू ठेवली! एवढी प्रांजळ औद्योगिक नीती कुठल्या जाहीरनाम्यात सापडणार?

असल्या खेळांची टिंगल करून ते थांबतील, या भ्रमात कुणी राहू नये. अमेरिकेतले प्राध्यापक इयन बोगोस्ट यांनी 2010मध्ये फेसबुकवरच्या शेती-खेळांची खिल्ली उडवायला ‘काऊ क्लिकर’ काढला. एक गाय, तिच्यावर सहा तासांतून एकदा टिचकी, बस्स. लोक तो मनापासून खेळू लागले. बोगोस्टनी चिडून आणखी टोक गाठलं आणि तीच गाय, फक्त तोंड दुसऱ्या बाजूला, अशी महागात विकायला ठेवली. अखेर 2011मध्ये त्यांनी सगळ्या गायी अदृश्य केल्या. मागे उरलेल्या रिकाम्या जागेवरही टिचकी मारायची सोय होती, आणि लोकांनी ती मारली. उपहासाच्या सदरांचं भवितव्य काय, हा प्रश्न मला संपादकांनी यापुढे विचारू नये.

तिएनो अधिक मुरलेला. त्याने वैराग्याचीही सोय खेळातच करून ठेवली. एक लाख कोटी कुकी भाजून झाल्या की सर्वस्वाचा त्याग करून वर जाता येतं. त्याबद्दल एक पायरी मिळते आणि पुढच्या जन्मात उत्पादन 1 टक्क्याने वाढतं. म्हणजे मोक्षालाही पगारवाढ जोडलेली. भास्कराचार्यांची ‘लीलावती’ एकावर 17 शून्यांच्या परार्धाशी थांबते. इथे परार्ध म्हणजे खेळ नुकता रंगू लागल्याची खूण.

याहून कठोर साधनाही आहे. मोठ्या कुकीला एकदाही न शिवता दहा लाख कुकी जमवल्या तर एक गुप्त पदक मिळतं. टिचक्यांच्या खेळात टिचकी न मारल्याबद्दल! मारायची नाही, तर सुरुवात कशी होणार? अधूनमधून पडद्यावर एक सोनेरी कुकी उगवते. तिला हात लावलेला चालतो. ती येईपर्यंत नुसतं बघत बसायचं, दुसरं काहीही करायचं नाही. नशीब असेल तर ती 13 कुकी देते.

कर्सर 15ला आहे.