पैसे घेताना एकटे, तक्रार येताच चौघे!

ठेकेदार साहेब,

कळंबच्या बाजारात माझ्या धाकट्या भावानं कापडाचं दुकान नव्यानं सजवायला काढलं, तेव्हा त्याच्यापुढे दोन मार्ग होते. सुतार, इलेक्ट्रिशियन, सीलिंगवाला, एसीवाला असे वेगवेगळे लावायचे आणि देखरेखीला आपला जाणता माणूस ठेवायचा. नाहीतर सगळंच काम एकाच्या अंगावर द्यायचं. ‘टेन्शन घेऊ नका, डायरेक्ट किल्ली हातात देतो,’ म्हणालात तुम्ही. अक्षय्य तृतीयेला दुकान उघडायचं, लग्नसराई साधायची, म्हणून त्यानं तुमच्यावर भरवसा टाकला. चौघांना वेगळं देऊन जेवढं झालं असतं, त्याहून जास्त मोजलं. ते जास्तीचे पैसे कशाचे होते? उत्तर द्यायला एक माणूस असावा, याचेच ना?

आज सीलिंगमधून पाणी थेट साड्यांच्या रॅकवर गळतंय. एसीच्या ड्रेन पाइपला उतारच दिलेला नाही. जिप्सम बोर्ड ठोकण्याआधी त्या पाइपात बादलीभर पाणी ओतून पाहिलं असतं, तर तिथल्या तिथे कळलं असतं. तुम्हाला विचारलं, तर ‘एसीवाला माझा माणूस नाही.’ आयएस 710 चा मरीन प्लाय म्हणून पैसे घेतलेत. उरलेल्या एकाही तुकड्यावर शिक्का नाही. विचारलं, तर ‘माल सुतारानं आणला.’ आणि सुतार? तुम्ही मजुरी थकवलीत म्हणून तो रंधा-करवत गुंडाळून निघून गेला. पैसे घेताना तुम्ही एकटे होतात. तक्रार आली आणि एकाचे चौघे झालात!

एकाच ठेकेदाराला काम देणं चूक नाही. वायरिंग, पाइप, मग सीलिंग, मग फर्निचर हा क्रम एकाच्या डोक्यात असला, तर तोडफोड वाचते. पण क्रम सांभाळणं हेच तुमचं काम होतं, आणि तेच तुम्ही केलं नाहीत.

दुकान काढणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: ठेका एकाला द्या किंवा चौघांना, पण मालाचा दर्जा, तारखा आणि दोषाची जबाबदारी कुणाची, हे आधी कागदावर घ्या. पैसे झालेल्या कामाच्या मोजमापावर द्या. शेवटचा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा.

साहेब, तुम्ही कागद केला नाहीत म्हणून सुटलात असं समजू नका. तोंडी करारही करारच असतो, आणि भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 73 नुकसानभरपाईचा हक्क देतं. आधी सुताराची मजुरी चुकती करा. मग स्वखर्चानं सीलिंग उघडा, पाइपला उतार द्या आणि भिजलेल्या साड्यांची किंमत भरा. आठ दिवस वाट पाहू. नंतरचं बोलणं वकिलाच्या नोटिशीतून होईल.

तुमच्या गिऱ्हाइकाचा थोरला भाऊ
कळंब, जि. यवतमाळ